गळ्यात शिट्टी, हातात फॉर्म

वाचकांचे प्रश्न : कॉलेजच्या जलतरण प्रशिक्षकाचं काम

गेल्या अंकात करिअरच्या पानावर माझी छोटी मुलाखत आली होती. पुण्यातल्या एका कॉलेजात १९८२ ते २०१६ अशी चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी तलावाच्या काठावर उभं राहून. बोलता बोलता मी म्हणून गेले, ‘कॉलेजचा स्विमिंग कोच नावाची नोकरी आपल्याकडे नसतेच.’ तेवढ्या एका वाक्यावर पत्रांचा गठ्ठा आला. काही प्रेमाची, काही चिडलेली. जमतील तेवढ्यांना उत्तरं देते. एक-दोन ठिकाणी उत्तर लांबलंय, पण ते प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचे होते.

मॅडम, मी बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) केलं आहे. शालेय राज्य स्पर्धेत दोनदा पोहलो. मला कॉलेजचा जलतरण प्रशिक्षकच व्हायचं आहे. वर्षभर जाहिराती बघतोय, एकही सापडली नाही. माझं काही चुकतंय का?
— एक वाचक, इस्लामपूर

तुझं काहीच चुकत नाहीये. (अरे-तुरे करते, राग मानू नकोस. तुझ्या वयाची पोरं मी शिट्टी मारून बोलावत आले.) जाहिरात येत नाही, कारण कॉलेजात त्या नावाचं पदच नसतं. असतं ते शारीरिक शिक्षण संचालकाचं, ज्याला सगळे ‘पी.डी.’ म्हणतात. तो एक माणूस कबड्डी, खो-खो, बुद्धिबळ, क्रॉस कंट्री आणि पोहणं असं सगळं बघतो. स्पर्धेच्या मोसमात महिना-दोन महिने मानधनावर कोच नेमतात. नेमलाच तर. माझ्या नेमणुकीच्या कागदावरही ‘जलतरण’ हा शब्द कुठेच नव्हता. मी पोहणारी होते म्हणून पोहण्याचं सगळं माझ्या अंगावर पडलं आणि मी ते पडू दिलं.

तेव्हा तुझ्यापुढे दोन रस्ते आहेत. पहिला पी.डी. होण्याचा. त्यासाठी बी.पी.एड. पुरत नाही. एम.पी.एड.ला, म्हणजे त्यापुढच्या पदव्युत्तर पदवीला, किमान ५५ टक्के हवेत, वर नेट किंवा सेट ही अध्यापनाची पात्रता परीक्षा. शिवाय तू स्वतः आंतरमहाविद्यालयीन, आंतरविद्यापीठ किंवा राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळल्याची नोंद आणि शारीरिक क्षमतेची चाचणी. तुझं वय अजून बसतंय. एम.पी.एड.ला प्रवेश घेतलास की स्वतः विद्यापीठाच्या संघात पोहून घे, ते प्रमाणपत्र पुढे कामाला येईल.

दुसरा रस्ता कोचचा. पतियाळ्याच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा एक वर्षाचा डिप्लोमा, ज्याला सगळे ‘एन.आय.एस.’ म्हणतात. एवढा वेळ नसेल तर त्यांचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो. तो करून एखाद्या क्लबच्या किंवा नगरपालिकेच्या तलावावर लाग. तिथे तयार झालेली मुलंच पुढे कॉलेजात जातात, आणि मग कॉलेजचे पी.डी. तुलाच फोन करतात, ‘सर, आमची चार पोरं तुमच्याकडेच आहेत ना? विभागीयला तुम्हीच घेऊन जाता का?’ झालास तू कॉलेजचा कोच. पगार मात्र तलावाचा.

आणि जीवरक्षकाचं प्रशिक्षण आधी घे. बाकी सगळं मागाहून. तलावावर पहिल्या दिवशी तुला कोणी बटरफ्लायसारखा पोहण्याचा अवघड प्रकार शिकवायला सांगणार नाही, चाळीस पोरांवर लक्ष ठेवायला सांगणार आहे.

मानधन किती मिळतं, ते स्पष्ट आकड्यात सांगा.
— एक वाचक, सोलापूर

आकडा सांगितला तर तुमच्या गावच्या तलावाला लागू पडणार नाही. मला पहिल्या वर्षी संघ नेण्याचे जे पैसे मिळाले, त्यात एक स्टॉपवॉच आलं आणि रिक्षा झाली. पगार पी.डी.च्या पदाला असतो. पोहण्यावर घर चालवणारे माझ्या ओळखीचे सगळे जण सकाळ-संध्याकाळ शिकाऊ बॅच घेऊन चालवतात.

माझी मुलगी चौथीपासून पोहत होती, जिल्ह्यात पहिली यायची. अकरावीत प्रवेश परीक्षेच्या क्लाससाठी सोडलं. आता इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे आणि परत पोहायचं म्हणते. जुने सर म्हणाले, वेळ गेली. खरंच गेली का?
— एक आई, नाशिक

ताई, नाही गेली. आणि तुमच्या पत्रातली ही मुलगी मी चौतीस वर्षांत किती वेळा पाहिली असेल! नाव वेगळं, क्लास वेगळा, गोष्ट तीच. कॉलेजच्या कोचचं खरं काम आपल्याकडे ह्या पोरीला पाण्यात परत आणणं हेच आहे. दहावीपर्यंत पालक पहाटे पाचला स्कूटरवरून आणून सोडतात. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात तोवर जरा उत्साह असतो. मग अकरावी उजाडते आणि लेन रिकामी होते. इतर देशांत ज्या वयात पोहणाऱ्याची वेळ पटापट उतरते, त्या वयात आपली पोरं सराव परीक्षेचे पेपर सोडवत असतात. मी कुणाला दोष देत नाही, माझ्या स्वतःच्या भाचीलाही मी त्या वेळी ‘पोह’ म्हणू शकले नव्हते.

आता कामाचं बोलू. दोन वर्षांत दम जातो, तो दोन-तीन महिन्यांत बराचसा परत येतो. हाताची पाण्यावरची पकड जाते, तिला थोडा जास्त वेळ लागतो. पण लहानपणी बसलेला स्ट्रोक अंगातून जात नाही. खरी अडचण वेगळीच असते. मुलगी पंधराची होती तेव्हाचं शरीर आणि एकोणिसाव्या वर्षीचं शरीर एक नाही. खांदे, कंबर, वजन, सगळं बदललेलं असतं, आणि ती मात्र जुन्या वेळेशी झुंजत बसते. माझ्याकडे एक मुलगी अशीच परत आली. शंभर मीटर मारलं, माझ्या हातातलं घड्याळ बघायला आली आणि आकडा बघून लेनच्या दोरीला धरून रडली. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्यापुढे स्टॉपवॉच काढलंच नाही. तिला फक्त हात मोजायला सांगायचे. पंचवीस मीटरला किती हात पडले? बावीस. उद्या एकवीसात जा. अठरावर आली त्या दिवशी तिने स्वतःहून विचारलं, ‘मॅडम, आज वेळ घ्यायची का?’

तसं करा. आठवड्याला तीन दिवस, पहिले तीन महिने घड्याळ नको. कॉलेजला तलाव नसेल तर गावातल्या तलावाची मेंबरशिप घ्या, आणि कॉलेजच्या पी.डी.ना जाऊन भेटा. पत्र नको, प्रत्यक्ष भेटा. आंतरविद्यापीठ स्पर्धेला पंचविशीपर्यंत पोहता येतं, म्हणजे तिच्यापुढे निदान तीन-चार मोसम आहेत. मुलींच्या विद्यापीठ संघाला पोहणाऱ्या पोरी कमी पडतात हे मी स्वतः अनुभवलंय. कदाचित पी.डी.च तुमच्या घरी येतील.

मी गेली तीन वर्षं आमच्या गावच्या तलावावर दुपारची लेडीज बॅच घेते. सासरचे म्हणतात, बायकांना डुंबायला शिकवणं हे काय करिअर! मला पुढे कॉलेजच्या मुली घडवायच्या आहेत. ही बॅच सोडू का?
— एक वाचक, लातूर

सोडू नकोस गं. मी तिथेच शिकले.

माझं स्वतःचं पोहणं कऱ्हाडजवळच्या विहिरीतलं. पाठीला पत्र्याचा डबा बांधून वडिलांनी ढकलून दिलं होतं. आठ दिवसांनी डबा सुटला, महिन्याभरात मी भावांबरोबर मुटके मारायला लागले. त्यामुळे पोहणं ‘शिकवतात’ म्हणजे काय करतात, हे मला ठाऊकच नव्हतं. पुण्यात आले तेव्हा कॉलेजच्या नोकरीआधी दीड वर्ष दुपारी दोन ते तीन अशी लेडीज बॅच घेतली. त्यात पंचेचाळिशीच्या एक काकू होत्या. हातपाय मारायच्या, कठड्याला धरून लाथा छान मारायच्या, पण चेहरा पाण्यात घालायचा म्हटलं की मान ताठ. तीन आठवडे झाले. मी समजावलं, चिडले, एकदा हाताने डोकं दाबलंसुद्धा. ते करायला नको होतं, दोन दिवस आल्या नाहीत त्या.

परत आल्या तेव्हा मला एक सुचलं. म्हटलं, ‘काकू, श्वासाचं विसरा. तोंड मिटा, चेहरा पाण्यात घाला आणि नुसता ओंकार म्हणा, नाकातून, लांब.’ त्या रोज घरी म्हणतच होत्या. म्हणताना श्वास आपोआप बाहेर सुटला, बुडबुडे आले, नाकात पाणी गेलं नाही. वर आल्या आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी काही चोरून ठेवलं होतं ते आत्ता दिलं. पुढे विद्यापीठाच्या संघातल्या मुलांनासुद्धा, जी श्वास कोंडून पोहायची आणि साठ मीटरला फाटायची, त्यांना मी हाच ओंकार करायला लावला. हसायची पोरं, पण करायची.

ज्याला पाण्याची भीती वाटते त्याच्या बाजूला तू उभी राहतेस, हे शिक्षण कुठल्याही डिप्लोमात नाही. डिप्लोमा कर, पण ही बॅच ठेवून. सासरच्यांचं काय करायचं ते तुलाच जास्त कळतं. माझ्या सासूबाईंना मी बॅचमध्येच घातलं होतं. सगळ्यांना नाही जमत ते.

अमेरिकेत आमचा मुलगा विद्यापीठाच्या संघात पोहतो. इथे कोचला प्राध्यापकाइतका मान आहे, स्वतंत्र ऑफिस, चार सहायक. हे आपल्याकडे का नाही? आणि तुम्ही इथल्या कुणाकडून काही शिकलात का?
— एक वाचक, कोलंबस, ओहायो

तुमच्या पत्त्यावरचं गाव वाचून मला हसू आलं. माझा एकलव्याचा द्रोणाचार्य तुमच्याच गावच्या विद्यापीठात शिकलेला! जेम्स काउन्सिलमन, सगळं जग ‘डॉक’ म्हणायचं. ओहायो स्टेटचे पोहणारे, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक, मग १९५७ पासून १९९० पर्यंत शेजारच्या इंडियाना विद्यापीठाचे कोच. १९६८ ते १९७३ अशी सलग सहा वर्षं त्यांच्या संघाने राष्ट्रीय विद्यापीठ विजेतेपद घेतलं. म्युनिकला १९७२ मध्ये सात सुवर्णं घेणारा मार्क स्पिट्झ त्यांच्याच कॉलेजचा. १९७६ ला मॉन्ट्रिअलला ते अमेरिकेच्या पुरुष संघाचे कोच होते, तेरापैकी बारा सुवर्णं. आणि १९७९ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, स्वतः इंग्लिश खाडी पोहून गेले. कोच म्हणून काठावर उभं राहून पाठ दुखते असं मी कधी म्हणाले, की मला हे आठवायचं आणि मी गप्प बसायची.

त्यांचं पोहण्याच्या शास्त्रावरचं पुस्तक मला एका ग्रंथालयात मिळालं, पानं सुटलेलं. त्यातली मोठी गोष्ट अशी, की कोचने पाण्याखाली बघितलं पाहिजे. ते पाण्याखालून चित्रीकरण करायचे. माझ्याकडे कुठला कॅमेरा? मी आमच्या सुताराकडून फूटभर खोलीची लाकडी पेटी करून घेतली, तळाला काच, कडांना एम-सील. पेटी पाण्यावर अर्धी बुडवायची, आपण काठावर पालथं पडायचं आणि पेटीत तोंड घालून बघायचं. येणारे-जाणारे म्हणायचे, मॅडमचं काहीतरी पडलंय पाण्यात.

पण काय दिसलं म्हणून सांगू! आमचा एक फ्रीस्टाईलवाला होता, अंगाने दणकट, तरी वेळ उतरेना. वरून हात सुंदर पडायचा. पेटीतून बघितलं तर पाण्यात शिरल्याबरोबर त्याचं कोपर खाली पडत होतं, तळहात तिरपा, पाणी मागे ढकलायच्या ऐवजी खाली दाबत होता. म्हणजे दर हाताला तो स्वतःला थोडं वर उचलत होता, पुढे जायचं राहून. त्याला सांगून पटेना. मग त्याच्या मित्राला पोहायला लावलं आणि याला पेटीत बघायला लावलं, नंतर उलट. दहा मिनिटांत पटलं. ‘पिंपाला मिठी मारल्यासारखा हात ठेव,’ एवढंच मग सांगावं लागलं. (काउन्सिलमन यांनी हाताच्या नागमोडी वाटेचा आणि विमानाच्या पंखासारख्या उचलीचा जो सिद्धांत मांडला, त्याला पुढच्या संशोधकांनी बरीच मुरड घातली. बघण्याची सवय मात्र खोटी ठरली नाही.)

आता मानाचं. तिथे कॉलेज हेच पोहण्याचं मुख्य घर आहे. शिष्यवृत्ती, तलाव, कोचचा पगार सगळं विद्यापीठाचं. कोच होणारा आधी स्वतः कॉलेजसाठी पोहतो, मग पदव्युत्तर शिकता शिकता सहायक, मग पूर्णवेळ सहायक, मग कुठेतरी मुख्य. आपल्याकडे पोहण्याचं घर क्लबमध्ये. आपला जलतरणपटू वीरधवल खाडे कोल्हापूरचा, २००८ ला बीजिंग ऑलिंपिकला गेला, २०१० च्या आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर बटरफ्लायला कांस्य घेतलं. त्याच्या आधी आशियाई पदक होतं खजान सिंगचं, १९८६ चं, तेही बटरफ्लायला. मधे चोवीस वर्षं. वीरधवल बंगळुरूला प्रशिक्षक निहार अमीन यांच्याकडे तयार झाला. या गोष्टीत कॉलेज कुठे आहे, शोधून बघा.

पण तिथलं सगळं सोन्याचं समजू नका. बटरफ्लाय हा स्ट्रोक घडला कुठे? १९३०च्या दशकात आयोवा विद्यापीठाच्या तलावात. तिथले कोच डेव्हिड आर्मब्रुस्टर आणि त्यांचा पोहणारा जॅक सीग यांनी ब्रेस्टस्ट्रोकचे हात पाण्याबाहेरून आणले आणि दोन्ही पाय माशाच्या शेपटीसारखे एकत्र मारले. १९५२ नंतर तो स्वतंत्र प्रकार झाला. त्याच आयोवाने २०२० मध्ये पैशांचं कारण देऊन पुरुषांचा जलतरण संघ बंद करण्याची घोषणा केली. म्हणजे स्वतंत्र ऑफिस मिळालं तरी त्याची किल्ली दुसऱ्याच्याच खिशात.

तुमची मुलाखत फार गोड होती. कोच लोक स्वतःच्या चुका कधी सांगत नाहीत. आमच्या मुलीचं पदक कोचच्या निष्काळजीपणामुळे गेलं. तुमच्या हातून असं झालं नाही का?
— एक पालक, ठाणे

झालंय. आंतरविद्यापीठ स्पर्धा, मुलींची चार गुणिले शंभर फ्रीस्टाईल रिले. दोन रात्रींचा रेल्वे प्रवास, त्यातली एक आरक्षण न मिळाल्याने डब्याच्या दाराजवळ ट्रॅकसूट अंथरून. डिसेंबरची थंडी, उघडा तलाव, पोरींचे ओठ वॉर्म-अपलाच निळे. सकाळी मी रिलेचा फॉर्म भरून दिला, चौघींची नावं पोहण्याच्या क्रमाने. दुपारी शेवटच्या मुलीच्या पोटरीत गोळा आला, म्हणून मी काठावरच क्रम बदलला. दुसरी शेवटी, शेवटची दुसरी. तोंडी. टेबलावर जाऊन फॉर्म बदलायचं राहिलं.

पोरी जीव तोडून पोहल्या, तिसऱ्या आल्या. नाचत होत्या. मग माईकवर आमच्या लेनचा नंबर आणि ‘डिसक्वालिफाईड’. नियम साधा आहे. फॉर्मवर लिहिलेल्या क्रमानेच पोहायचं. मी टेबलाशी गेले, पंचांनी काही न बोलता माझाच फॉर्म माझ्यापुढे सरकवला. माझं अक्षर, माझी सही.

परतीच्या गाडीत मी त्यांना काय सांगितलं असेल? सुरुवातीला थंडी, पंच, आयोजक, सगळं बोलून झालं. भुसावळच्या पुढे एकीने सरळ विचारलं, ‘मॅडम, फॉर्म कोणी भरला होता?’ तेव्हा सांगितलं. चौघींपैकी एक पुढे वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिचं बरोबर होतं. त्यानंतर मी स्पर्धेला जाताना गळ्यातल्या शिट्टीच्या दोरीलाच पेन बांधायला लागले.

तुमच्या मुलीच्या कोचने चूक कबूल केली का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. केली नसेल तर शांतपणे विचारा, पण मुलीच्या समोर नको.

मॅडम, तुम्ही अजून पाण्यात उतरता का?
— एक जुना विद्यार्थी, पुणे

उतरते. सकाळी साडेसहाची ज्येष्ठ नागरिकांची बॅच, कडेची लेन. पन्नास मीटरला माझे हात आता चौपन्न पडतात, पूर्वी चाळीस पडायचे. गुडघ्यामुळे ब्रेस्टची लाथ बंद केली आहे. आणि तू ‘जुना विद्यार्थी’ लिहून नाव लपवलंस तरी अक्षर ओळखलं. पेटी तुझ्याकडेच आहे, काच फुटली नसेल तर परत दे.